गालिच्यावरचा खांब

१८६२ च्या नोव्हेंबरात वीस वर्षांचा एक इंग्रज लेफ्टनंट भोपाळला पोचला. नाव जेम्स वॉटरहाउस, नोकरी बंगालच्या तोफखान्यात. पण या खेपेला त्याच्या सामानात तोफा नव्हत्या. काचांचे खोके होते, कोलोडिअन आणि सिल्व्हर नायट्रेटच्या बाटल्या होत्या, आणि तिपाईवर चढवायचा लाकडी कॅमेरा होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगच्या काळात सरकारने हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो जमवायचं मनावर घेतलं होतं आणि मध्य भारत या पोराच्या वाट्याला आला होता. जवळजवळ वर्षभर तो संस्थानांतून, छावण्यांतून, गावांतून हिंडत होता.

तेव्हाचा फोटो म्हणजे खटाटोप. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. म्हणजे जिथे फोटो तिथे अंधारी खोली उभी करायची. समोरच्याने काही सेकंद पापणीही हलवू नये अशी अपेक्षा. वॉटरहाउसने तोवर ज्यांचे फोटो काढले त्यांतल्या बहुतेकांना, हे काय चाललंय आणि कशासाठी, हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. त्यांना उभं केलं, ते उभे राहिले.

भोपाळमध्ये हे उलटं झालं. इथे कॅमेऱ्यासमोर बसली ती संस्थानची सत्ताधीश, नवाब सिकंदर बेगम. ती स्वतः बसली, मुलगी शाहजहाँ बेगम हिला बसवलं, दरबारातल्या बायकांना बसवलं, वेगवेगळे पेहराव काढले. सरकारला नमुने हवे होते. बेगमेला काय हवं होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं, आणि एकदा भोपाळच्या बाहेरही.

आधी बाहेर जाऊ. सतराव्या शतकातल्या युरोपात, ज्याला कलेच्या इतिहासात बरोक काळ म्हणतात त्या काळात, राजघराण्यांनी आणि बड्या सरदारांनी कुटुंबाची चित्रं काढून घ्यायचा सपाटा लावला. १६३२ मध्ये व्हॅन डाइकने इंग्लंडचा पहिला चार्ल्स, त्याची राणी आणि दोन मुलं एका भल्यामोठ्या कॅनव्हासवर बसवली. १६५६ मध्ये माद्रिदला व्हेलास्केझने छोट्या राजकन्येला मधोमध उभं करून ते चित्र केलं जे आज ‘लास मेनिनास’ म्हणून जगाला माहीत आहे. हे नाव नंतरचं. राजवाड्याच्या १७३४ च्या यादीत त्याची नोंद चौथ्या फिलिपचं ‘कुटुंब’ अशी आहे. फिलिपचा मुलगा दहा वर्षांपूर्वी वारला होता आणि गादीला पुरुष वारस नव्हता, हे लक्षात घेतलं की पाच वर्षांच्या मुलीवर पडलेला तो उजेड वेगळा दिसू लागतो. १७०१ मध्ये रिगोने चौदाव्या लुईला रंगवलं. एका बाजूला जाडजूड खांब, वरून लोंबणारा रेशमी पडदा, अंगावर अस्तरासकट उलगडलेला झगा. लुईचा नातू नुकताच स्पेनच्या गादीवर बसला होता. चित्र त्याला पाठवायचं म्हणून काढलं, पण म्हाताऱ्याला इतकं आवडलं की स्वतःकडेच ठेवून घेतलं.

या चित्रांतला थाट खराच होता. रेशीम, फर, मोती, कुत्रीसुद्धा उंची जातीची. पण थाट हे साधन होतं. चित्र सांगत होतं ते एवढंच की गादी कुणाची आहे आणि उद्या कुणाची असेल. वारशाचा कागद दफ्तरात पडून राहतो, चित्र भिंतीवरून रोज बोलतं. ज्यांचा वारसा वादातीत असतो त्यांनाही हे लागतं. ज्यांचा वादात असतो त्यांना फारच लागतं.

भोपाळचा वारसा कायम वादात होता.

मराठी वाचकाला भोपाळ म्हटलं की १७३७ आठवतं, बाजीरावाने निजामाला तिथे कोंडलं ते. संस्थानाच्या आठवणीत मात्र आणखी एक मराठी वेढा जास्त खोल गेलेला आहे. १८१२-१३ मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजा भोपाळभोवती महिनोन् महिने बसल्या होत्या. वजीर मोहम्मद खानाने शहर राखलं आणि तटावरून लढणाऱ्या बायकांच्या कथा तिथपासून सांगितल्या जाऊ लागल्या. वजीरचा मुलगा नजर मोहम्मद खान याने १८१८ मध्ये इंग्रजांशी तह केला. पुढच्याच वर्षी पिस्तुलाची गोळी लागून तो मेला. गोळी सुटली ती त्याच्या लहानग्या मेहुण्याच्या हातून, अपघाताने. मागे राहिली विशीच्या आतबाहेरची बायको, कुदसिया बेगम, आणि तिची तान्ही मुलगी सिकंदर.

कुदसियाने त्या वेळी जे केलं त्यावर पुढची शंभर वर्षं उभी राहिली. तिने जाहीर केलं की गादी मुलीची. मुलीचं लग्न होईल तेव्हा तिचा नवरा नवाब होईल, तोवर राज्य मी चालवीन. पडदा झुगारून ती दरबारात बसली. इंग्रजांनी हे मान्य केलं, कारण त्यांना स्थिरता हवी होती आणि या बाईकडून ती मिळेलसं दिसत होतं. कुदसियाने अठरा वर्षं राज्य केलं. १८३७ मध्ये जावई जहांगीर मोहम्मद खानाच्या हाती कारभार गेला आणि नवरा नवाब असण्याचा अर्थ काय असतो ते सिकंदरला कळलं. गरोदर असताना त्याने तिच्यावर तलवार चालवली. ती आईबरोबर इस्लामनगरच्या किल्ल्यात निघून गेली आणि तिथे १८३८ मध्ये शाहजहाँ जन्मली. १८४४ मध्ये जहांगीर ऐन तारुण्यात वारला. गादी सहा वर्षांच्या शाहजहाँच्या नावे झाली आणि थोड्याच काळात कारभार सिकंदरच्या हाती आला.

या बाईने राज्य खरोखर चालवलं. संस्थानाचे तीन जिल्हे पाडले, महसुलाची घडी नव्याने बसवली, जुनं कर्ज फेडलं, घोड्यावरून मुलूख फिरून पाहिला. १८५७ मध्ये तिने इंग्रजांची बाजू घेतली. याबद्दल आज आपण तिला काय म्हणावं हा वेगळा प्रश्न आहे. तिच्या दृष्टीने ते व्यवहाराचं गणित होतं आणि ते बरोबर आलं. तिला बेरसियाचा परगणा मिळाला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती मुलीच्या वतीने राज्य पाहणारी न राहता स्वतःच्या हक्काने राज्यकर्ती ठरली. शाहजहाँ गादीवरून उतरून वारस झाली. असं उलट्या दिशेने चालणारं वारसापत्र हिंदुस्थानात फार सापडायचं नाही.

१ नोव्हेंबर १८६१ ला अलाहाबादच्या दरबारात कॅनिंगने तिला ‘स्टार ऑफ इंडिया’ या नव्या किताबाचं पदक दिलं. तो किताब पहिल्यांदा मिळालेल्यांत व्हिक्टोरिया राणी सोडली तर ती एकटीच बाई होती. वॉटरहाउस आला तो याच्यानंतर बरोबर वर्षभराने.

आता तिच्या फोटोकडे पाहा. अंगात तंग, भरतकामाचा कोट आणि चुस्त पायजमा, छातीवर स्टार ऑफ इंडियाचं पदक. नजर सरळ कॅमेऱ्यात, कुणाची परवानगी न मागणारी. दागिन्यांनी लगडलेली राणी पाहायला मिळेल या अपेक्षेने आलेल्याची निराशा व्हावी असं हे चित्र आहे. मोती आहेत, नाही असं नाही, पण नजर जाते ती पदकावर. आणि त्या पदकात एक गंमत आहे. त्याच्या मधोमध गोमेदावर व्हिक्टोरियाची मुद्रा कोरलेली असे. म्हणजे एका राज्यकर्तीच्या तसबिरीत दुसऱ्या राज्यकर्तीची तसबीर. सिकंदरला हे नेमकं हवं होतं असं मला वाटतं. बाईने गादीवर बसावं का, हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला ती उत्तर छातीवर लावून दाखवत होती: तुमच्याही वर कोण बसलंय ते बघा.

पण त्या एका पदकात दुसरंही लिहिलेलं होतं. बरोक राजे अंगावर मिरवत ते स्वतःचं होतं. सिकंदरच्या छातीवरची सर्वांत मोलाची वस्तू दुसऱ्याने दिलेली होती आणि देणारा ती परतही घेऊ शकत होता. तिच्या जावयाच्या वाट्याला पुढे ते आलंच.

मुलीचे फोटो याच कामाचा दुसरा भाग. १८६२ मध्ये भोपाळात चार पिढ्या हयात होत्या: साठीतली कुदसिया, चव्वेचाळिशीच्या आसपासची सिकंदर, चोवीस वर्षांची शाहजहाँ आणि चार वर्षांची सुलतान जहाँ. आई राज्य करते, मुलगी वारस, नातीच्या रूपाने त्याच्याही पुढची सोय झालेली. इतकी भक्कम फळी त्या काळच्या फार थोड्या राजघराण्यांपाशी असेल आणि तीही सगळी बायकांची.

पाच वर्षांनी, १८६७ मध्ये, लुई रुसले नावाचा फ्रेंच प्रवासी भोपाळला येऊन राहिला. त्याच्या ‘राजांचा हिंदुस्थान’ या सचित्र ग्रंथामुळे सिकंदर बेगम युरोपातल्या दिवाणखान्यांत पोचली. तिचा पुरुषी पेहराव, तिचं रोखठोक बोलणं याचं त्याला नवल वाटलं. पण खरा धक्का त्याला वेगळ्याच ठिकाणी बसला. भोपाळच्या दरबारात त्याला भेटली एलिझाबेथ द बोर्बों, लोकांच्या तोंडी ‘दुल्हन’. हे बोर्बों घराणं पिढ्यान् पिढ्या हिंदुस्थानात राहिलेलं, धर्माने ख्रिस्ती, बाकी सगळ्या रीतीभातीने भोपाळी. अकबराच्या दरबारी आलेल्या एका फ्रेंच राजवंशीयापासून आपण उतरलो, असं ते सांगत. या दाव्याला कागदाचा आधार फारसा नाही. पण कुदसियाच्या काळात शहजाद मसीह या नावाने वावरणारा बल्थाझार बोर्बों दरबारातला वजनदार माणूस होता, हे खरं. ज्या चौदाव्या लुईने खांब आणि पडदा अजरामर केला त्याचं आडनाव विंध्याच्या कुशीत एक ओढणी घेतलेली बाई लावत होती. रुसलेला हे पुस्तकात घालायचा मोह आवरला नाही, मलाही नाही.

खांब आणि पडदा मात्र तोवर वेगळ्याच वाटेने हिंदुस्थानात पोचले होते. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने खिशात मावेल असा छोटा फोटो बाजारात आणला आणि गावोगाव स्टुडिओ उघडले. मिरवायला आलेल्या गिऱ्हाइकाला मागे काय द्यायचं? फोटोवाल्यांनी थेट व्हॅन डाइकची मांडणी उचलली. एक खांब, एक गोंड्यांचा पडदा, एक कोरीव टेबल, पायाशी गालिचा. खांब लाकडाचा किंवा लगद्याचा असे आणि तो उभा असे गालिच्यावर. जगात कुठल्याही गवंड्याने गालिचा अंथरून त्यावर खांब बांधलेला नाही, पण फोटोत ते कुणाला खटकत नसे. रिगोच्या चित्रात छताचा भार पेलणारा खांब दीडशे वर्षांत हलका होऊन दोन माणसांनी इकडून तिकडे न्यावा असा झाला होता. कलकत्ता, सिमला, मुंबई, नंतर इंदूर: सगळीकडे संस्थानिक याच खांबाशी रेलून उभे राहिले. इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारा लाला दीनदयाळ याच मागणीवर पुढे देशातला नावाजलेला फोटोग्राफर झाला. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी रविवर्म्याला बोलावलं, तेव्हा तेलरंगात पुन्हा हाच संसार मांडला गेला.

३० ऑक्टोबर १८६८ ला सिकंदर वारली. तिच्या हजयात्रेची हकिकत १८७० मध्ये लंडनला इंग्रजीत छापून आली, आत फोटो चिकटवलेले. भाषांतर भोपाळच्या पोलिटिकल एजंटच्या बायकोने केलं होतं. लेखिकेला ते पुस्तक पाहायला मिळालं नाही.

शाहजहाँ बेगमेचा थाट आईपेक्षा मोठा आणि वेगळ्या जातीचा. तिला बांधायची हौस. ताजमहाल नावाचा राजवाडा तिने १८७१ च्या सुमारास सुरू केला. ताज-उल-मसाजिद तर तिच्या हयातीत पुरी झालीच नाही. १८७२ मध्ये मुंबईच्या दरबारात लॉर्ड नॉर्थब्रुकने तिला स्टार ऑफ इंडियाचा वरचा दर्जा दिला. त्या किताबाचा पायघोळ झगा, गळ्यात साखळी, चेहरा उघडा, असा तिचा फोटो आहे. तो झगा पाहिला की रिगोचा लुई आठवल्याशिवाय राहत नाही. आईला पदकाची एक चकती पुरली होती. लेकीने साम्राज्याचा सगळा कपडेपट अंगावर घेतला.

पण याच सुमाराला पडदा खांबाजवळून सरकून पुढे आला. पहिला नवरा १८६७ मध्ये वारल्यावर शाहजहाँने १८७१ मध्ये सिद्दीक हसन खान या विद्वान मौलवीशी लग्न केलं आणि पुढे ती पडद्यात गेली. पन्नास वर्षं जे घराणं उघड्या तोंडाने राज्य करत आलं होतं त्याची राज्यकर्ती आता चिकामागून बोलू लागली. सिद्दीक हसनचं वजन वाढलं तसं इंग्रज अधिकाऱ्यांचं डोकं फिरलं. १८८५ मध्ये एजंट लेपेल ग्रिफिनच्या पुढाकाराने त्याचे किताब काढून घेतले गेले. दिलेलं परत घेता येतं ते असं.

त्याहून वाईट घरात घडलं. शाहजहाँ आणि तिची एकुलती उरलेली मुलगी सुलतान जहाँ यांच्यात असं वितुष्ट आलं की एकाच शहरात राहून दोघी वर्षानुवर्षं एकमेकींना भेटल्या नाहीत. सुलतान जहाँने आत्मचरित्रात हे सगळं तपशिलाने लिहिलं आहे. दोष ती सावत्र बापाला देते. आईची बाजू आईच्या ‘ताज-उल-इक्बाल’ या इतिहासात शोधावी तर तो १८७६ मध्येच छापून मोकळा झालेला. आधी सुलतान जहाँची थोरली मुलगी बिल्किस जहाँ वारली, मग १८९४ मध्ये धाकटी आसिफ जहाँ. चार पिढ्यांची ती फळी तिथे संपली. या सगळ्या वर्षांत भोपाळच्या सत्ताधारी आई, मुलगी आणि नातीला एका चौकटीत बसवणं कुठल्याही फोटोवाल्याला शक्य नव्हतं. वॉटरहाउससमोर जे सहज जमलं असतं ते आता अंथरायला गालिचे असूनही जमेना.

१६ जून १९०१ ला शाहजहाँ गेली. सुलतान जहाँच्या हाती खजिना आला तो जवळपास रिकामा. तिची तसबीर मला या सगळ्या घराण्यात सर्वांत विलक्षण वाटते. डोक्यापासून पायापर्यंत बुरखा, डोळ्यांपुढे जाळी, आणि त्या बुरख्यावर ओळीने लावलेले तारे, पदकं, पट्टे. चेहरा दाखवणं हे ज्याचं पहिलं काम त्या फोटोत चेहराच नाही. उरलं ते फक्त पद. व्हॅन डाइकपासून सगळे चित्रकार कपड्यांमधून माणसाचं स्थान दाखवायची धडपड करत आले. इथे माणूस पूर्ण झाकून स्थानच तेवढं समोर ठेवलंय. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला ती लंडनला गेली तीही बुरख्यातच. या बाईला कोपऱ्यात बसलेली समजायची चूक कुणी करू नये. तिने मुलींच्या शाळा काढल्या, पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली आणि १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची ती पहिली कुलपती झाली. आयुष्याच्या अखेरीस तिने तोच बुरखा लोकांसमोर उतरवला.

तिला तीन मुलगे होते. १९२४ मध्ये थोरले दोघे, नसरुल्ला आणि ओबैदुल्ला, काही महिन्यांच्या अंतराने वारले. कायद्याच्या रूढ अर्थाने हक्क थोरल्या नातवाचा. बेगमेला गादी हवी होती धाकट्या हमीदुल्लासाठी. सत्तरीकडे झुकलेली ती बाई त्याची बाजू मांडायला लंडनला जाऊन बसली, आणि १९२६ मध्ये स्वतः गादी सोडून तिने त्याला नवाब केलं. १८१९ पासून १९२६ पर्यंतच्या १०७ वर्षांत मधली जहांगीरची सात वर्षं वगळता भोपाळवर बायकांचं राज्य होतं. ते संपवणारी सही बाईचीच.

हमीदुल्लाला तीन मुली, मुलगा नाही. थोरल्या आबिदा सुलतानला वारस ठरवलं गेलं. ती घोडे दौडवी, शिकार करी, मोटार हाकी आणि पुढे १९५० मध्ये पाकिस्तानात निघून गेली. त्याआधीच, १ जून १९४९ ला, भोपाळ भारतात विलीन झालं होतं. शाहजहाँच्या ताजमहालात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची बिऱ्हाडं पडली.

वॉटरहाउस पुढे कलकत्त्याला सर्व्हे खात्यात फोटोग्राफीचा प्रमुख झाला आणि छपाईच्या तंत्रात त्याने नाव कमावलं. त्याने व इतरांनी जमवलेल्या फोटोंचा ग्रंथ, ‘हिंदुस्थानचे लोक’, १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत लंडनला निघाला. तो चाळताना एक गोष्ट डोळ्यात भरते. सिकंदर बेगमेच्या चित्राखाली सिकंदर बेगम लिहिलंय. बहुतेक चित्रांखाली मात्र माणसाचं नाव नाही, जात आहे. बंजारा, गोंड, भिल्ल. तेही त्या ओल्या काचेसमोर तितकेच सेकंद श्वास रोखून बसले होते. त्यांची नावं कुणी विचारली नाहीत आणि आता ती कळायचा काही मार्ग नाही.

तुमच्याही घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचा एखादा ग्रुप फोटो असेल. मागे रंगवलेला पडदा, कडेला गालिच्यावर टेकवलेला खांब, खुर्चीत वडीलधारे, पुढे जमिनीवर पोरं, आणि मागच्या रांगेत डोक्यावरून पदर घेतलेल्या दोन-तीन बायका. त्यांची नावं सांगणारं कुणी घरात असेल तर फोटोच्या पाठीवर ती आजच पेन्सिलीने लिहून ठेवा.